एकादशीचे चौदा ठिपके

या, पुढे सरका. मधली सतरंजी रिकामी टाकून भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायची नाही. बुवा उभे राहायला अजून वेळ आहे, तबलजी तर आत्ताशी हातपाय धुतायत. तेवढ्यात मी एक सांगून घेते. पुराणातलं नाही हे. यात मी स्वतः होते, आणि त्या दिवसाइतकी मी त्याआधी कधी घाबरले नव्हते, नंतरही नाही.

बावीस वर्षं झाली. भाद्रपद संपत आला होता. सकाळचे साडेनऊ, नाशिकची आमची कचेरी, आणि मी माझ्या टेबलाशी उभी. एका हातात भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर, दुसऱ्या हातात चौदा तारखा लिहिलेली चिठ्ठी. खुर्ची मागे ओढून बसावं एवढंही सुचेना.

थोडं मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई कॅलेंडरला काय घाबरली.

मी पाटबंधारे खात्यात सांख्यिकी सहायक होते. आमच्याकडे धरणांचे आकडे यायचे. धरण म्हटलं की पाझर आलाच. कितीही पक्कं बांधा, थोडं पाणी भिंतीच्या पोटातून झिरपतंच. ते पोटातल्या बोगद्यात जमा होतं, एका पत्र्याच्या त्रिकोणी खाचेतून वाहतं, आणि खाचेवरून किती उंच वाहतंय ते पितळी पट्टीवर वाचलं की पाझर कळतो. जलाशयात पाणी चढलं की पाझर वाढतो, उतरलं की कमी होतो. या दोघांचं नातं मोजणं हे माझं काम. रोजची पातळी एका रकान्यात, रोजचा पाझर दुसऱ्या रकान्यात घालायचा. मग संगणकावरचं सॉफ्टवेअर पडद्यावर ठिपके मांडतं आणि त्यांच्या मधून एक रेषा ओढतं. ठिपके रेषेला जितके चिकटून, तितकं नातं घट्ट. ते किती घट्ट, हेही शून्य ते एक अशा आकड्यात सांगतं. नातं घट्ट म्हणजे धरण शहाण्यासारखं वागतंय.

आंबेथळ धरणाचे ठिपके रेषेवर असे बसत की वरच्या साहेबांना दाखवताना माझी मान ताठ व्हायची. दीड वर्षाचे आकडे होते. फक्त चौदा ठिपके तेवढे रेषा सोडून वर उडालेले. सॉफ्टवेअर अशा ठिपक्यांपुढे चांदणी काढतं. चांदणी दिसली की वाचणाऱ्याची चूक समजायची आणि तो ठिपका वगळायचा, ही आमच्या कचेरीची रीत. मीही वगळले. अहवालात ‘निरीक्षणातील चुका, एकूण चौदा’ असं लिहिलं. नातं निघालं पॉइंट नव्व्याण्णव. खाली सही केली आणि बुधवारी कागद पुढे गेला. त्या कागदाच्या भरवशावर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आंबेथळचे दरवाजे खाली टाकायचे होते. पावसाळाभर दरवाजे उचललेले असतात. ते टाकले की उरलेलं पाणी अडतं आणि चार दिवसांत जलाशय आणखी दोन मीटर चढतो.

तो शुक्रवार म्हणजे हाच दिवस. माझा उपास होता. संध्याकाळी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदेवरच्या देवळात कीर्तन, ते किती वाजता हे बघायला मी कॅलेंडर काढलं. कीर्तनाच्या वेळा मी त्याच्यावरच लिहायची, आणि एकादश्यांभोवती लाल शाईनं गोल करायची. मागच्या एकादशीला ध्रुवाचं आख्यान झालं होतं. बुवांनी त्या लेकराला बापाच्या मांडीवरून असं उतरवलं की अख्खं देऊळ रडलं. ती तारीख माझ्या डोक्यात पक्की होती. आणि तीच तारीख टेबलावरच्या चिठ्ठीत चौदावी होती.

योगायोग, म्हटलं. मग तेरावी बघितली. तिच्याभोवती लाल गोल. बारावी बघितली. मग उलटीकडून, फाल्गुनापासून बघत आले; त्या वर्षी श्रावणही अधिक आला होता. चौदाच्या चौदा तारखा एकादश्या होत्या.

मी भाविक बाई. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की देव सात महिने माझ्याशी काही बोलत होता आणि मी त्याचा प्रत्येक शब्द चूक म्हणून खोडला. पण मी आकड्यांतही वाढलेली. धरणाला एकादशी कळत नाही हेही मला ठाऊक होतं. धरणाला कळत नसेल तर ती माणसाला कळतेय. आणि माणूस मधे असेल तर एकादशीचे किंवा एरवीचे, कुठले तरी आकडे खोटे आहेत. चौदा खोटे आहेत, की बाकीचे पाचशे?

मी वगळलेले चौदा ठिपके पुन्हा घेतले आणि एकटेच पडद्यावर मांडले. आधी पातळीशी ताडून बघितलं. काहीच जुळेना, नुसते विखुरलेले. मग पातळी काढून टाकली आणि तिथे दिवस घातले, फाल्गुनापासून किती दिवस झाले ते. ठिपके एकामागे एक उभे राहिले. उन्हाळ्यात जलाशय आटत होता तेव्हाही ते चढत होते. गेल्या महिनाभर पातळी जागची हलली नव्हती, तरी ते चढत होते, आणि शेवटचे चार तर जिन्यासारखे. त्या चौदांचं नातं पाण्याशी नव्हतंच. ते काळाशी होतं.

आंबेथळचे उपअभियंता बारटक्के साहेब धरणावरच होते. त्यांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता, पण सगळं ऐकून घेतल्यावर हसायला लागला.

“म्हणजे आमचं धरण एकादशी पाळतं म्हणता?”

“साहेब, चेष्टा नका करू. आज दरवाजे टाकू नका.”

“मॅडम, रेषा तुमची, सही तुमची. बुधवारी धरण ठीक, शुक्रवारी पंचांग बघून बेठीक? वर काय कळवू मी, तिथी चांगली नाही म्हणून थांबलो?”

मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, या की, पाचला दरवाजे टाकताना नारळ फोडायला कुणीतरी हवंच आहे.

कचेरीची जीप मिळेस्तोवर साडेअकरा झाले. पोटात सकाळचा एक कप चहा. वाटेत तोंडानं नामस्मरण आणि डोक्यात तो जिना. आंबेथळच्या पायथ्याशी करंजवाडी लागते. नदी वळते तिथे सातशे उंबऱ्यांचं गाव. देवळापुढे मांडव घातला होता, खांबांना कर्दळी बांधल्या होत्या. रात्री एकादशीचं कीर्तन असल्याचं फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं. बायका पारावर बसून शेंगा फोडत होत्या. एरवी मी जीप थांबवून विचारलं असतं, बुवा कुठले, आख्यान कुठलं लावणार. त्या दिवशी मी त्या बायकांच्या डोक्यावरून मागे बघितलं. तिथे धरणाची भिंत उभी होती आणि तिच्यामागे एवढं पाणी. मी ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, जरा लवकर घे.

धरणाच्या माथ्यावर एक खोली होती. तिथे आकडे लिहिणारे हांडगे अण्णा बसत. तुळशीराम हांडगे, वय सत्तावन, करंजवाडीचेच. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचे, त्यामुळे आमचं फोनवरही आकड्यांपेक्षा कीर्तनाचंच जास्त बोलणं व्हायचं. मला बघून ते लगबगीनं उठले, पण टेबलाला दोन्ही हात टेकून उठले. उपासाचं विचारलं, केळी पुढे केली, रात्री कीर्तनाला थांबाच म्हणाले.

मी ऐकत होते, पण माझी नजर भिंतीवर गेली होती.

तिथे माझी रेषा होती. दोन वर्षांपूर्वी, धरणाच्या जुन्या चोख आकड्यांवरून मी पहिल्यांदा जो आलेख काढला होता, त्याची एक छापील प्रत मी अण्णांना भेट म्हणून पाठवली होती. त्यांनी ती प्लास्टिकमध्ये घालून टांगली होती. बाजूला सुतळीला बांधलेली लाकडी फूटपट्टी लोंबत होती. आणि रेषेवरची शाई, जिथे पातळी वरच्या अंगाला असते तिथे, बोट फिरून फिरून पुसट झाली होती.

खुर्ची ओढून मी त्यांच्या समोर बसले.

“अण्णा, खाली बोगद्यात तुम्ही शेवटचं कधी उतरलात?”

त्यांनी पुढे केलेली केळी परत बाजूला सरकवली.

“आज नका विचारू ताई. उद्या विचारा.”

“उद्या का?”

“उद्या बारस.”

खिडकीतून जलाशयाचा वारा येत होता, आणि मला तो वाराही नकोसा झाला. मी म्हटलं, “अण्णा, उद्या विचारायला खाली गाव असेल का, तेवढं सांगा.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. एकादशी होती, त्या दिवशी ते खोटं बोलूच शकत नव्हते. बोगद्याला एकशे शहाऐंशी पायऱ्या. दीड वर्षापूर्वी चाळिसाव्या पायरीवर त्यांच्या छातीत कळ आली आणि ते तिथेच तासभर बसून राहिले. गुडघे तर आधीच गेलेले. वर सांगितलं असतं तर तालुक्याच्या गोदामात बदली झाली असती. गाव सुटलं असतं, मंडळ सुटलं असतं, तिथे त्यांना ओळखणारं कोण? त्यांनी सांगितलं नाही. रोज सकाळी माथ्यावरूनच जलाशयाची पातळी वाचायची, ती मात्र खरी. मग भिंतीवरच्या आलेखाला पट्टी लावायची, त्या पातळीला रेषेवर पाझर किती येतो तो बघायचा, आणि तोच वहीत लिहायचा. अगदीच हुबेहूब वाटू नये म्हणून एखादा इकडे, एखादा तिकडे.

“पण एकादशीला हात धजंना,” ते म्हणाले. “अन्न वर्ज्य करायचं आन खोटं लिहायचं, ते नाही जमलं मला. त्या दिवशी झाडलोटीच्या गिरजाला खाली धाडतो. ती वाचून येती त्योच आकडा लिहितो.”

“आणि फाल्गुनापासून तो आकडा रेषेपेक्षा वेगळा यायला लागला तेव्हा?”

“रेषा तुमची व्हती ना ताई. म्हटलं, रेषा कशी चुकंल. गिरजाचंच वाचायला चुकत आसंल.”

दीड वर्ष मी पाठवलेली रेषा आकडे होऊन मला परत येत होती. तीच रेषा मी त्या आकड्यांवरून पुन्हा काढत होते आणि किती छान जुळतं म्हणून सही करत होते. धरणाकडे आमच्यापैकी कुणीच बघत नव्हतं, ना अण्णा, ना मी. बघत होती एकटी गिरजा, पंधरवड्यातून एकदा, आणि तिचं बघणं मी चांदणी लावून पुसलं होतं.

आजचा आकडा काय, म्हणून विचारलं. त्यांनी वही पुढे सरकवली. जिन्याची पंधरावी पायरी, चौदावीपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच.

गिरजाबाई मेंगाळ बाहेर माथ्यावरचा कचरा झाडत होती. ठाकर समाजाची बाई, चाळिशीची, अंगानं काटकुळी. धरणावर रोजंदारीला. माथा झाडायचा, बोगद्यातल्या नाल्या साफ करायच्या, हे तिचं काम. शाळा दुसरीपर्यंत, आकडे तेवढे ओळखीचे. तिला म्हटलं, मला खाली घेऊन चल. तिनं माझ्या पायांकडे बघितलं, चपला काढा म्हणाली, आणि पुढे झाली.

आता ऐका. मी देवळांच्या गाभाऱ्यात गेलेली आहे, पण तो काळोख निराळा, त्यात समई असते. इथे वरच्या दाराचा उजेड दहा-पंधरा पायऱ्यांतच संपला. दिव्यांची ओळ होती, त्यातला प्रत्येक दुसरा गेलेला. भिंती ओल्या, त्यांच्यावर चुन्याचे पांढरे ओघळ. एका बाजूला कोट्यवधी लिटर पाणी आणि दुसऱ्या बाजूला करंजवाडी, आणि आम्ही दोघी मधल्या दगडात. प्रत्येक पायरीला वाटायचं, परत फिरावं. परत फिरायला कारणही होतं. मी हुकमाशिवाय आत शिरले होते. गिरजाबाईच्या हातात विजेरी होती. ती मागे वळून उजेड माझ्या पावलांवर पाडायची, आणि मी पाय टाकला की मगच पुढची पायरी उतरायची.

शंभराव्या पायरीच्या सुमाराला आवाज यायला लागला. मला वाटलं होतं टपटप असेल. तो नळ उघडा राहिल्यासारखा होता.

खाली पोचलो तेव्हा खाचेतून पाणी घुसळत पडत होतं. गिरजाबाईनं विजेरी पट्टीवर धरली आणि आकडा वाचला. मीही वाचला. एकच आला. ती सकाळी आठला वाचून गेली होती तेव्हापासून पाणी आणखी बोटभर चढलं होतं.

मग ती म्हणाली, “ताई, आकड्याचं जाऊ द्या. हात घाला.”

मी ओंजळ धरली. पाणी चहाच्या रंगाचं होतं. ओतून टाकलं तरी तळहातावर काही राहिलं. चोळून बघितलं. बारीक, कचकचीत. रेती.

“ह्ये आधी काचेवानी व्हतं,” ती म्हणाली. “भर पावसात वर नदी लाल आसली तरी हितं काच. होळीपास्नं बिघडलंया. आण्णांना दर बारीला सांगितलं. आण्णा म्हनत्यात, पान्याच्या रंगाला वहीत रकाना न्हाई.”

नव्हताच. ती वही आमच्याच कचेरीनं छापली होती. पातळी, पाझर, शेरा. शेऱ्याचा रकाना करंगळीएवढा. पाणी गढूळ येतंय याचा अर्थ मी अभियंता नसूनही मला ठाऊक होता. धरणाच्या पायाखालून पाणी माती खात बाहेर पडत होतं.

“कुणाला दाखवलं नाहीस?”

“एका सायबाला सांगितलं. त्ये म्हनले, पावसाळ्यात पानी गढूळच आस्तंय.” मग काही चोरून ठेवल्याची कबुली द्यावी तशा आवाजात म्हणाली, “म्हून मी भरून ठिवलंय.”

तिनं विजेरी बाजूच्या कोनाड्यावर फिरवली.

धरण बघायला येणारे लोक माथ्यावर बसून पितात आणि दारूच्या चपट्या काचेच्या बाटल्या तिथेच टाकतात. त्या उचलायचं काम तिचं. तिनं त्या धुतल्या होत्या, आणि होळीपासून प्रत्येक एकादशीला वाचायला उतरली की खाचेखालून एक बाटली भरून, बूच लावून, त्या कोनाड्यात ठेवली होती. पहिली भिंतीकडे, आजची कडेला. पंधरा बाटल्या. पाणी निवळलं होतं आणि गाळ तळाशी बसला होता. पहिलीत नखभर. पाचवीत बोटाचं एक पेर. दहावीत दोन. चौदावी निम्मी. आजची अजून निवळलीच नव्हती, नुसती तांबूस.

मी तीन वर्षं आलेख काढत होते. असा आलेख मी कुठल्या पडद्यावर पाहिला नव्हता. आणि तो बघून मला रडू फुटलं, खरं सांगते, भीतीनं. गिरजाबाईनं माझा दंड धरला. म्हणाली, रडायचं वर जाऊन, आता बाटल्या घ्या.

तिनं पदराचा ओचा करून नऊ घेतल्या, मी पर्समध्ये आणि हातात सहा. एकशे शहाऐंशी पायऱ्या. मधे दोनदा माझा दम संपला, दोनदा ती थांबली. वर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. बारटक्के साहेब दरवाजांच्या यंत्रापाशी उभे होते. नारळ, उदबत्ती सगळं मांडलेलं. मी दिसल्यावर काहीतरी विनोद त्यांच्या ओठांवर आला असावा, पण गिरजाबाईचा ओचा बघून तो तिथेच राहिला. आम्ही दोघींनी कठड्यावर बाटल्या ओळीनं मांडल्या, पहिली ते पंधरावी. ऊन पश्चिमेचं होतं, ते काचेतून आरपार गेलं.

साहेब बघत राहिले. एक उचलून हलवली, परत ठेवली. वास घेतला. मग शेवटची उन्हात धरली.

“हे कुणी भरलं?”

“गिरजाबाईनं.”

“कधी कधीचं आहे?” त्यांनी तिला विचारलं. आवाज खाली आला होता.

“एका एकादशीला येक,” ती म्हणाली.

ते विजेरी घेऊन एकटेच खाली गेले. आम्ही तिथेच उभ्या. अण्णा खोलीच्या दारात, चौकटीला धरून. खालून करंजवाडीतला कर्णा लागला होता, कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करून आवाज तपासत होतं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, माझी सही मागे घे. दुसरं काही मागायचं सुचलं नाही.

साहेब वर आले ते बूट, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेले. जिन्याच्या तोंडाशीच बसले. यंत्रावरच्या माणसाला म्हणाले, “दरवाजे राहू देत वर.” मग, “तळाचा दरवाजाही पूर्ण उघडा, पाणी जाऊ दे.” मग माझ्याकडे बघून, “मॅडम, गावात कीर्तन कुठे आहे आज?”

“देवळापुढे. नदीकाठी.”

“ते तिथे नको.”

अण्णा तेवढ्यात चौकट सोडून पुढे आले. मी सांगतो गावाला, म्हणाले. तशा गुडघ्यांनी ते जीपमध्ये चढले. त्या संध्याकाळी करंजवाडीचं कीर्तन टेकडीवरच्या शाळेत झालं. सातशे उंबरा तिथे जमला, म्हातारी माणसं बैलगाड्यांतून नेली. मी मागे बसले होते. बुवांनी काय आख्यान लावलं ते मला आजही आठवत नाही, कारण सारा वेळ माझा कान नदीकडे होता.

धरण फुटलं नाही. जलाशय आठवड्याभरात खाली उतरवला. पुढे मोठे अभियंते आले, भोकं पाडून बघितलं, तर पायातल्या खडकात मातीचा एक पट्टा होता आणि तो वाहून चालला होता. तो बुजवायला दोन उन्हाळे लागले. त्या शुक्रवारी दोन मीटर पाणी चढलं असतं तर काय, हे कुठल्याच कागदावर नाही. बारटक्के साहेबांनी मला ते तोंडी सांगितलं होतं, आणि ते मी कुणाला सांगत नाही.

चौकशी झाली. हांडगे अण्णांनी काही लपवलं नाही, त्यांना घरी बसवलं. पुढे आठ वर्षं ते टाळ धरत राहिले, मला पत्रं लिहीत, आणि प्रत्येक पत्रात एकदा तरी क्षमा मागत. मी दर वेळी उत्तर देई की निम्मी चूक माझी आहे. मीही लिहून दिलं होतं, की चौदा खरे आकडे मी चूक म्हणून वगळले. ते पान अंतिम अहवालात नव्हतं. अहवालात आलं ते हे: ‘सांख्यिकी विश्लेषणामुळे गळती वेळेत निदर्शनास आली.’ मला त्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, चौकटीसकट.

मी अर्ज केला, की त्या पंधरा नोंदींपुढे वाचणाऱ्याचं नाव दुरुस्त करावं. उत्तर आलं, की त्या रकान्यात कर्मचारी क्रमांक लागतो, रोजंदारीवरच्या माणसाला तो नसतो, सबब नाव घालता येत नाही. पंधराही नोंदींपुढे आजही ‘तु. रा. हांडगे’ आहे. बाटल्या तपासणीला गेल्या त्या परत आल्या नाहीत. गिरजाबाईला मी हे सगळं सांगायला गेले तेव्हा ती नाली साफ करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, आता रोज कोण उतरतंय खाली. मी सांगितलं, दोघं नेमलेत, आळीपाळीनं. बरं झालं म्हणाली, आणि खराटा उचलला.

मागच्या माघात ती गेली. मला महिन्यानंतर कळलं.

तर माझं मागणं एवढंच. आता बुवा येतील, कीर्तन होईल, शेवटी आपण संतांची नावं घेऊन जयजयकार करू. तो झाला की, मोठ्यानं नको, आपल्या आपल्या मनात, आणखी एक नाव घ्या. माझं नाही, अण्णांचंही नाही. गिरजाबाई लक्ष्मण मेंगाळ, मुक्काम आंबेथळ. पूर्ण नाव घ्या. ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं.